उसळलेली विहीर

समुद्रातल्या तेलविहिरीवर माझं काम चिखलाचं होतं. खोदताना विहिरीत सोडायचा चिखल किती जड हवा, हे मी ठरवायचो. खाली कोंडलेला वायू त्याच वजनाखाली दबून राहतो. चिखल हलका पडला तर वायू उसळतो. फार जड झाला तर खडक फुटतो, चिखल त्यात जिरतो आणि वायूला अडवायला काहीच उरत नाही.

त्या दुपारी टाकीत परत येणारा चिखल रटरटू लागला. मी ओरडेपर्यंत विहिरीने तो खोदाईच्या मनोऱ्यावर भिरकावला होता. ड्रिलर शिर्के कठड्यावर आपटले, कपाळ फुटलं. तसेच सरपटत जाऊन त्यांनी विहिरीचं तोंड बंद करणारी मूठ ओढली.

"जड चिखल सोड!" ते गरजले.

"खडक फुटला तर सगळेच जाऊ!"

"मग फुटणार नाही एवढाच जड सोड. बघ काटा आणि सांग!"

दाबाचा काटा बघून मी आकडा सांगितला. पंप धडधडू लागले. पायाखालचं लोखंड हादरत होतं आणि खालून कुणीतरी दार फोडत असल्यासारखे दणके येत होते. किती युगांचा हा कोंडमारा! त्याला आम्ही हरवत नव्हतो, फक्त त्याच्याइतकाच जोर लावून उभे होतो. अखेर काटा उतरला.

"केवढा राग हा!" मी म्हणालो.

शिर्क्यांनी डोळ्यात उतरलेलं रक्त पुसलं. "तो निजला होता रे. भोक आपण पाडलं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्याला पट्टी होती, आणि आम्ही तिथूनच पुढे खोदू लागलो.