मागच्या गेटचा चौकोन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर एकदा सुरुवात केली होती — "तुला ते भाईंदरचे आबा आठवतात का?" एवढंच. ती म्हणाली, "बिचारे. त्यांच्या सुनेनं काय केलं कोण जाणे." मग मी ताटातला भात कालवत बसलो. पुन्हा विषय काढला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की कोणीतरी एकदा तरी मला नीट ओळखावं म्हणून? मला माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

मी कॅमेरे लावतो. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये छोटं दुकान आहे. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. मी कमी बोलतो, आणि त्याचा धंद्यात मला फायदाच झाला. सोसायटीवाले एकमेकांना सांगतात, "माणूस चांगला आहे, कामाशी काम." गप्प माणूस म्हणजे सरळ माणूस, असं लोकांनी का धरून ठेवलंय?

खारी गावाच्या पलीकडे, मिठागरांच्या अंगाला एक मोठं कॉम्प्लेक्स आहे. पुढचं गेट रस्त्यावर, मागचं पार टोकाला, कांदळवनाच्या तोंडाशी; तिथे वॉचमन नसतो. ऑफिसपासून दोन्ही गेटं इतकी लांब की साध्या केबलनं तिथून चित्र येतच नाही. शंभरेक मीटरनंतर तिचा दम संपतो. म्हणून फायबर टाकली होती. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड धावतो. दोन्ही टोकांना एकेक डबा — आम्ही त्याला कन्व्हर्टर म्हणतो, बिलावर ट्रान्सीव्हर लिहितो. कॅमेऱ्याकडचा डबा चित्राचा उजेड करतो, ऑफिसातला डबा त्या उजेडाचं परत चित्र करतो. डबे जोडीचे असतात, एक ए आणि एक बी. ए समोर ए लावला तर काहीच होत नाही. मी बी नेहमी बाहेरच्या टोकाला लावायचो, आणि जळतो तो बाहेरचाच — ऊन, ओल, मुंग्या, कमीजास्त व्होल्टेज. त्यामुळे माझ्या खणात ए पडून असायचे. बी कधीच नसायचा.

हे सगळं इतकं खुलासेवार का सांगतोय? कारण एवढं सांगणं सोपं आहे.

पुढच्या गेटचा बी जळला. सेक्रेटरी गुजराती गृहस्थ, मनानं वाईट नाहीत, पण तोंड सुटलं की सुटलं. "अरे भाई, मेन गेट काला दिखता है! संडे को मीटिंग है, मेंबर लोग मेरा भेजा खाएंगे. तुमसे नहीं होता तो बोल दो, दूसरा आदमी बुलाता हूँ." खणात पाहिलं, सगळे ए. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाऊन नवा आणायला त्या दिवशी जमण्यासारखं नव्हतं. — जमलं असतं. कंटाळा केला. मागच्या गेटवरचा चांगला चालणारा बी काढला आणि पुढच्या गेटला लावला. आमच्या लाइनीत हे सगळेच करतात. दोन दिवसांपुरतं.

पण आता ऑफिसातल्या पडद्यावर मागच्या गेटचा चौकोन काळा झाला. त्यावरून पुन्हा बोलणी कोण खाणार? ऑफिसजवळ एक जुनी, बंद पडलेली पंपरूम होती. तिलाही तसंच जाळीचं गेट — त्याच माणसानं बनवलेलं, तोच हिरवा रंग, बाजूला तशीच भिंत. तिथला कॅमेरा साध्या केबलवर चालू होता. तो मी जरा फिरवला, फक्त गेट आणि भिंतीचा तुकडा दिसेल असा. ते चित्र मागच्या गेटच्या चौकोनात बसवलं. खाली नाव होतंच — बॅक गेट. पंपरूमचा चौकोन यादीतूनच काढून टाकला. त्याची कोणाला पडली होती? सेक्रेटरींनी येऊन पडद्यावर नजर फिरवली. "हां, अब हुई ना बात."

दोन दिवसांचा महिना झाला. नवा डबा आणायचं राहून गेलं. 'राहून गेलं' — बघा, अजूनही मी कसा बोलतो.

डी विंगमध्ये जालन्याकडचं एक कुटुंब राहायचं. मिलिंद नोकरीला, त्याची बायको वंदना, त्याची आई आणि वडील. वडिलांना सगळं कॉम्प्लेक्स आबा म्हणायचं. एसटीत कंडक्टर होते. डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं होतं, एसटी तेवढी राहिली होती. लिफ्टच्या दाराशी कोणी उभं राहिलं की म्हणायचे, "चला, आत सरका, आत सरका, मागं जागा आहे." पोरं ते ऐकायला मुद्दाम दाराशी उभी राहायची. एकदा मी त्यांच्या मजल्यावर शिडीवर चढलो होतो, तर खालून माझा पाय हलवून विचारतात, "पाव्हणं, कुठं उतरणार?"

"इथंच उतरतो, आबा."

"मग सुट्टे काढा."

वंदना दारात ओढणीत तोंड घालून हसत होती. "द्या हो भाऊ काहीतरी, नाहीतर उतरू नाही देणार तुम्हाला." मी खिशातला एक स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि गंभीर चेहऱ्यानं खिशात टाकला.

ते आबा एका बुधवारी दुपारी घरातून नाहीसे झाले.

वंदना गव्हाचा डबा घेऊन रिक्षानं गिरणीवर गेली होती. सासूचा डोळा लागला होता. दाराची आतली कडी लावलेली नव्हती. दळण घेऊन ती परत आली तर आबांची खुर्ची रिकामी. संध्याकाळी मला बोलावणं आलं. ऑफिसात मिलिंद, सेक्रेटरी, चौकीतले एक हवालदार. वंदना दाराशी उभी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेलं, धुवायचं भान नव्हतं. ती एकच गोष्ट परत परत सांगत होती. "आबा मागं गेले असतील. मागचं मोकळं मैदान त्यांना स्टँड वाटतं. रोज म्हणतात, गाडी मागं लागली असंल. आधी मागच्या गेटला बघा ना कोणीतरी."

हवालदार म्हणाले, "लावा मागचं."

मी लावलं. पंपरूमचं गेट, दुपारचं ऊन, भिंतीवर एक मांजर. मी पुढे पुढे पळवत होतो. मांजर गेलं, सावली सरकली, गेट बंद. सेक्रेटरी म्हणाले, "देखो, कोई गया ही नहीं." मिलिंद पडद्याच्या इतका जवळ आला होता की त्याच्या श्वासानं काच धुरकट झाली. ज्या गेटनं त्याचे वडील जाणं शक्यच नव्हतं, तिथे तो डोळे फाडून वडिलांना शोधत होता. आणि मी शेजारी बसून माउस फिरवत होतो.

हवालदारांनी विचारलं, "हेच ना मागचं गेट?"

तेव्हा एक शब्द पुरला असता. तिथून मागचं गेट किती लांब होतं? पाच-सात मिनिटांची चाल. कोणीतरी टॉर्च घेऊन पळालं असतं. फार तर माझं कंत्राट गेलं असतं.

मी म्हटलं, "हो साहेब. हेच."

मिलिंद वळला. "तू तर म्हणालीस मागं गेले."

"मला वाटलं... ते रोज म्हणतात म्हणून —"

"वाटलं! इथं दिसतंय ना समोर!"

मग पुढचं गेट पाहिलं. तो कॅमेरा झकास चालत होता, मीच चालू केला होता ना. त्यात आबा नव्हतेच. वंदनाची रिक्षा बाहेर जाताना दिसली. एका बाजूला पडदा सोडलेला, आत तिचं कोपर आणि दळणाचा डबा. पलीकडच्या सीटवर कोणी आहे की नाही, दिसत नव्हतं. हवालदारांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. आणि पुन्हा. तेवढाच तुकडा का, हे वंदनाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं — माझ्याकडे का? मी मशीनवाला होतो म्हणून. तिला वाटलं असेल, हा माणूस काहीतरी सांगेल.

लोकांनी गच्च्या पाहिल्या, पाण्याच्या टाक्या पाहिल्या, लिफ्टचे खड्डे पाहिले. माणूस बाहेर गेलेलाच नाही म्हटल्यावर दुसरं कुठे बघणार? वंदना स्वतः मागे जायला निघाली होती, तिला अडवलं. गुरुवारी दिवसभर तिला चौकीवर बसवून ठेवलं होतं. रिक्षा कुठे थांबवली, सोबत कोण होतं, सासऱ्याचं करून करून कंटाळली होतीस का.

शुक्रवारी सकाळी आबा सापडले. मागच्या गेटपलीकडे, कांदळवनात, मांडीएवढ्या चिखलात. बसल्यासारखे. खारीतला एक चिंबोऱ्या-खेकडे पकडणारा म्हातारा त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा उशीर झालेला होता. गर्दीत तो पोलिसांना सांगत होता, मी दोन हातांवर उभा होतो. "काल सकालचा आवाज येत व्हता. आत सरका, आत सरका करत व्हता. मना वाटला कोन प्यालेला हाय. म्हनून मी गेलो न्हाय." आणि तो रडायला लागला. तो म्हातारा. मी नाही.

पोलिसांनी अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण मिटवलं. पण घरातलं कसं मिटणार? रेकॉर्डिंगमध्ये गेट बंद, मग आबा पलीकडे गेले कसे? जालन्याहून आलेल्या नणंदेनं सगळ्यांसमोर विचारलं, "रिक्षात नेऊन कुठं सोडलंस त्यांना?" रेकॉर्डिंग काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं, नवं जुन्यावर चढत जातं. मी त्या दिवसाची वाट पाहत होतो. पंपरूमचं ते गेट पुसलं गेलं, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. हेही सांगून टाकतो.

एकदा चौकीपर्यंत गेलो होतो. तेच हवालदार होते. "काय हो, काय काम?" मी म्हटलं, "कॅमेरे ठीक चालतात का बघायला आलो." त्यांनी चहा पाजला.

वर्ष उलटल्यावर मिलिंदचा फोन आला. घरात कॅमेरा लावायचा होता. "आई एकटी असते हिच्यासोबत," म्हणाला. 'हिच्यासोबत.' मी नाही म्हणू शकलो असतो. गेलो. हॉलमध्ये, स्वयंपाकघराचं दार दिसेल असा लावला. स्टूल डुगडुगत होतं, ते वंदनानं धरलं. ती बरीच वाळली होती. "भाऊ, बाहेरचं दारपण येऊ द्या," ती हळूच म्हणाली. "मी कधी गेले, कधी आले, सगळं येऊ द्या. निदान आता तरी माझं खरं धरतील."

तिथे फायबर लागत नाही, डबा लागत नाही. हातभर वायर. तो कॅमेरा कधी बंद पडला नाही.

त्याचा पासवर्ड माझ्याकडेही आहे, देखभालीसाठी. मी बघतो. बाहेर पडताना वंदना कॅमेऱ्याखाली थांबते, हातातली पिशवी वर करून दाखवते, पिशवीचं तोंड उघडून आतलं दाखवते, मग जाते. आल्यावर पुन्हा दाखवते. रोज. पलीकडे मिलिंद बघतो की नाही, देव जाणे. मी बघतो.

आणि एवढं सगळं सांगूनही एक गोष्ट मी वर गाळली. लिहिताना लक्षात होती, तरी गाळली. गुरुवार सकाळची.

ज्या डब्यासाठी महिनाभर वेळ झाला नव्हता, तो गुरुवारी लॅमिंग्टन रोडचं दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर उभं राहून आणला. कोणाला काही कळायच्या आत मागचा कॅमेरा चालू करायचा होता. कॉम्प्लेक्समध्ये पोचलो तेव्हा सगळे गच्च्यांवर होते. शिडी घेऊन मी एकटाच मागे गेलो. गेटची कडी नुसती लोंबत होती. कचऱ्याच्या टेम्पोवाल्यांनी लावलीच नसावी. एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट. फटीपुढे ओल्या मातीत चपलांचे ठसे. जाणारे. परत येणारे नव्हते.

मला सगळं कळलं. तिथेच, त्याच क्षणी. ओरडायचं होतं फक्त. पण मग लोक विचारणार — काल तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये गेट बंद कसं दिसत होतं?

मी गेट ओढून घेतलं. शिडीवर चढून डबा जोडला. लिंकचा हिरवा दिवा लागला. खाली उतरताना कांदळवनाकडून कोणीतरी ओरडत होतं. लांब होतं, शब्द कळत नव्हते. मी एक पाय जमिनीवर, एक पाय शिडीवर ठेवून थोडा वेळ ऐकत राहिलो. मग ऑफिसात जाऊन पडद्यावरचा चौकोन बदलला. आता त्यात खरं मागचं गेट होतं. बंद. आदल्या दिवशीसारखंच.

वंदना पहिल्या संध्याकाळीच खरं बोलली होती. आबा मागे गेले होते. गेट उघडं होतं.

कडी मी लावली.