वगळलेले नऊ ठोकळे

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. इतरांच्या प्रबंधांसाठी काँक्रीटचे ठोकळे फोडण्यात ताईची अठरा वर्षं गेली होती. विद्यार्थ्यांनी माल साच्यात भरायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवायचा आणि ताईने मशीनखाली ठेवून त्याचा जीव घ्यायचा. पदव्या त्यांच्या, धूळ हिच्या नाकात.

पंचेचाळिशीत तिने स्वतःच अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गाला नाव घातलं. आज पाचच्या आत फॉर्मवर खूण करायची होती: प्रबंधासह की प्रबंधाविना. प्रबंधाविना म्हणजे नुसते पेपर. उन्हाळ्यात पदवी हातात आणि प्रयोगशाळाप्रमुखाची रिकामी होणारी जागा जवळजवळ खिशात. प्रबंध घेतला की एक वर्ष वाढणार, आणि जागा काही तिच्यासाठी ताटकळत बसणार नव्हती.

"आई, डोकं ठिकाणावर ठेव," लेकीने सकाळीच बजावलं होतं. लेकीचं चुकत नव्हतं. म्हणूनच तर ताईला रडू येत होतं.

तरी ती फॉर्मवर मार्गदर्शकाची सही घ्यायला विभागातल्या सरांच्या खोलीत गेली. सर विद्यार्थी होते तेव्हा त्यांचेही ठोकळे तिनेच फोडले होते. फॉर्म पाहून ते मायेने म्हणाले, "ताई, कशाला हा उपद्व्याप? पेपर द्या, मोकळ्या व्हा. प्रबंधाला स्वतःचा विषय लागतो."

हे मात्र तिला झोंबलं.

"आहे की विषय," तिने वही पुढे सरकवली. "शेवटी भरलेले ठोकळे लवकर का फुटतात. तोवर माल आळायला लागतो, नीट ठासला जात नाही, असं मला वाटतं. मुलं ते आकडे खराब म्हणून गाळतात. मी लिहून ठेवलेत."

"गाळले तर काय बिघडलं?"

"बांधकामावर मालाची शेवटची पाटी कुणी फेकून देतं का, सर? कुणाच्या तरी घरातच जाते ती."

सर वही चाळू लागले आणि एका पानावर थबकले. वर त्यांचंच नाव होतं. खाली नऊ आकडे, जे त्यांच्या प्रबंधात कुठेच नव्हते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ताईला त्यांची मनापासून दया आली.

"नाव कुणाचंच घालणार नाही," ती म्हणाली. "पण आकडा एकही गाळणार नाही."

"मार्गदर्शक म्हणून तरी माझं नाव घाला," सर हळूच म्हणाले आणि त्यांनी सही केली.

खूण तेवढी राहिली होती. लेकीला काय सांगायचं, ते ताईला सुचेना. मग प्रमुखाच्या जागेवर पाणी सोडून तिने 'प्रबंधासह'च्या चौकटीत खूण केली.