माग थांबला की जाग

ब्लडप्रेशरच्या वॉर्डात किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, आपोआप साचतात! सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका इस्पितळात सिस्टर होते. आमच्या डॉक्टरांनी एकदा ठरवलं, पेशंट झोपेत असतानाच प्रेशर मोजायचं. झोपेतही उतरत नसेल, तर धोका मोठा. बोलायला सोपं! पट्टा फुगवला की माणूस जागा.

*

दुधनीचे एक अण्णा, किराणा व्यापारी. पट्टा आवळताच ओरडले, "कोन रे हात धरतंय?"

"मी सिस्टर. झोपा अण्णा."

"झोपलोच होतो की! तुमीच उठवलं!"

आकडा असा चढला, की डॉक्टर माझ्यावरच डाफरले.

*

दुसरे एक आजोबा भारी समजूतदार. मी दिसले की डोळे मिटायचे. एकदा पट्टा बांधताना हळूच म्हणाले, "सिस्टरबाई, गाढ झोपलोय मी. घ्या मापून!"

हसले मी, पण खरं सांगू? रडायलाच येत होतं.

*

नरसय्या मात्र वॉर्डात झोपायचाच नाही. भवानी पेठेत त्याच्या घरातच पॉवरलूम, म्हणजे विजेवरचा माग. रात्री तो चालवायचा, दिवसा बायको. गोळ्यांनी प्रेशर काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, "ह्याचं झोपेतलं कळलंच पाहिजे, नाहीतर हातचा जाईल."

त्याची बायको राजम्मा म्हणाली, "हितं लई शांत हाय. त्यांना मागाचा आवाज लागतो की!"

मग काय, एका दुपारी आम्हीच त्याच्या घरी. राजम्मा मागावर, खडखडाट नुसता, आणि बाजूलाच नरसय्या घोरतोय! मी पट्टा बांधला, फुगवला. गडी हलला नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. ऐकू येणार काय, कपाळ! नुसता माग.

"जरा बंद करा हो!" ते ओरडले.

राजम्मानं माग थांबवला. नरसय्या ताडकन उठून बसला, "धागा तुटला काय?"

माग चालू केला, तो परत झोपला. बंद केला, परत जागा. शेवटी डॉक्टर डोकं धरून उंबऱ्यावर बसले. इतका हताश माणूस मी पाहिला नव्हता. नरसय्याच उलट त्यांना म्हणाला, "जाऊ द्या की साहेब, चहा घ्या."

*

थोड्याच दिवसांनी राजम्मा धावत वॉर्डात आली. धाप लागलेली, पण चेहरा हसरा.

"डॉक्टरसाहेब, चला लवकर! लाईट गेली, माग बंद पडला, तरी उठले न्हाईत. हाका मारल्या तरी न्हाईत. एवढं गाढ कवाच झोपले नव्हते. आता मोजा की!"