खाऱ्या पाण्याचे निकम सर

कोवळं रोप मरत असलं की निकम सर त्याच्याशेजारी स्टूल टाकून चहा पीत बसत. मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो तेव्हा ते असेच बसले होते. मी पेढे पुढे केले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, हेही सांगून टाकलं. रोपावरची नजर न काढता ते म्हणाले, "बरं झालं. आता काहीतरी शिक."

शिरवण्याच्या खाडीकाठी आमचं लहानसं भात संशोधन केंद्र होतं. तिथलं जुनं तांबडं भात खारं पाणी सोसतं, पण पिकतं थोडं. नवं बुटकं वाण भरघोस देतं, पण मिठाने करपतं. दोघांचा संकर करायचा, रोपं कुंड्यांत लावायची आणि खारं पाणी पाजायचं. मीठ सोसण्याचा गुण कोणात उतरलाय, ते असंच कळे. "मरणाऱ्याला मरू द्यावं," सर म्हणत. "आपण डॉक्टर नाही." माणसांनाही तोच न्याय. एका सहायकाने वडील आजारी म्हणून रजा मागितली, तर विचारलं, "तू गेल्याने ते बरे होणार आहेत का?"

कित्येक हंगाम राबून मी एक संकर उभा केला होता. तो टिकला असता तर नव्या वाणाला माझं नाव लागलं असतं. गावी बापाला दाखवायला मला तेवढं हवं होतं. ऐन फुलोऱ्यात सरांनी मीठ वाढवलं. एक पाणी गोडं द्या, म्हणून मी हातापाया पडलो. ते म्हणाले, "उद्या शेतकऱ्याच्या शेतात तांब्या घेऊन तू जाणार आहेस का?" एकेक कुंडी करपली. एकच जगली, आणि तिची लोंबी दाण्यांनी वाकली.

कापणीच्या दिवशी कुंड्या सांभाळणारी हिराबाई कौतुकाने सरांना म्हणाली, "त्याला मीच पानी घातलंय, सायेब. माज्या प्यायच्या तांब्यातलं. या पोराचं तोंड बगवत नव्हतं."

मी म्हणालो, दाणे आहेत ना, पुढच्या वर्षी पुन्हा पेरू, पुन्हा मीठ देऊ, खरंखोटं होईल. पण खाडीकाठी वसवायच्या नव्या शहरासाठी केंद्राची निम्मी जमीन जाणार होती. उरलेल्या तुकड्यात कोणते संकर ठेवायचे, ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं.

"खात्रीच्यांना जागा पुरत नाही," सर म्हणाले. "संशयाला कुठून देऊ?"

त्यांनी लोंबी तळहातावर चोळली. एक दाणा चावून "चवीला बरा आहे" म्हणाले आणि बाकीचे भरडायच्या भाताच्या पोत्यात टाकून वरून हात फिरवला. हिराबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती रडली नाही. "रोप मेलं असतं तर चाललं असतं, व्हय?" तिने विचारलं.

"चाललं असतं."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचेही दोन संकर उपटून बैलांपुढे टाकले. त्यामुळे त्यांना धड शिव्याही घालता येईनात.

ते निवृत्त झाले तेव्हा हायवेवरच्या एसटी थांब्यापर्यंत सोडायला मी एकटाच गेलो. आता भ्यायचं कारण नव्हतं. विचारलं, "सर, माझं ते भात पुन्हा पेरलं असतं तर जगलं असतं का?"

"जगलं असतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले. "तांब्याभर पाण्याने तेवढं मीठ धुऊन निघत नाही."

आणि गाडीत चढले.