पीडीएफमधले आजोबांचे शब्द

बोरीवलीतल्या ज्या घरात मी आजोबांना सांभाळते, तिथं मला 'ए बाई' म्हणून कुणी हाक मारत नाही, 'ताई' म्हणतात. माझं ताट त्यांच्याच ताटांबरोबर वाढलं जातं. सातवीत शाळा सुटलेली, यवतमाळकडच्या खेड्यातून इतक्या लांब आलेली मी. एवढं मिळालं की माणूस जपून वागतो. कुठं काही चुकेल आणि हे सगळं जाईल, अशी धास्ती सतत असते. म्हणून ते पीडीएफचं काम मी केलं याचं मला अजून कौतुक वाटतं. स्वतःचंच. हसा हवं तर.

आजोबा कोकणातले, जन्म गिरणीत गेलेला. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, 'बरा'. पाणी हवं असलं तरी 'बरा', उशी टोचली तरी 'बरा', माझ्यावर चिडले तर दात खाऊन 'बरा!'. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी चित्रांची कार्डं माझ्या फोनवर पाठवली, पीडीएफमध्ये. एका पानावर एक चित्र. पाणी, चहा, संडास, पंखा, दुखतंय. आजोबांनी बोट ठेवायचं आणि आपण समजायचं.

पण ती पीडीएफ मेली जागेवर राहायची नाही. आजोबांचं डावं बोट थरथरतं. पाण्यावर ठेवायला जावं तर पानं भराभर वर पळायची आणि बोट टेकायचं संडासावर. मी त्यांना उठवायला लागले की 'बरा! बरा!' करत हात झटकायचे. दोघंही दमून जायचो.

त्यांची सून, म्हणजे वहिनी, ऑफिसातून फोनवर म्हणाल्या, "अगं, त्या पानांचे फोटो करून घे ना. ऑनलाइन होतं. पीडीएफ टाकायची, जेपीजी काढायचं."

"वहिनी, मला नाही जमायचं."

"एवढ्या म्हाताऱ्याला अंघोळ घालतेस, ते जमतं? मग हेपण जमेल. आणि बिघडलं तर मी आहे."

असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. मी वेबसाइट उघडली. 'अपलोड' दिसलं आणि बोट थांबलं. अपलोड म्हणजे फाइल तिकडं जाणार. मग आपल्याकडं काय राहणार? सरकारी कचेरीत खिडकीतून आत दिलेला कागद परत येत नाही, एवढंच मला ठाऊक. वहिनींना पुन्हा फोन.

"राहते गं बाई, आपल्याकडंपण राहते! तू कर यार."

केलं. मग दिसलं ते पहिलं हिरवं 'डाउनलोड' दाबलं, तर तुमचा फोन साफ करतो म्हणणारी भलतीच जाहिरात. वाट लागली म्हटलं. मागं आले, खालचं साधं बटण दाबलं, तर एक गाठोडं उतरलं. झिप म्हणतात त्याला. ते सोडलं आणि एकेक पान वेगळा फोटो होऊन गॅलरीत येऊन बसलं. हलेना, पळेना. आता बिल्डिंगमधल्या बायका हे माझ्याकडून करून घेतात आणि मी बोलता बोलता करून देते.

पहिल्याच दिवशी आजोबांनी चहाच्या फोटोवर बोट आपटलं. मी कप पुढं केला, तर माझ्याकडं असं बघितलं, जणू काय मला आत्ता कुठं अक्कल आली.

तरी एक गोष्ट राहिलीच. नाश्ता झाला की रोज त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. सगळी कार्डं पुढं नेऊन बघायचे, एकही नको. मग डोळे भरायचे. आम्ही टीव्ही लावला, पेपर दिला, कूस बदलली. वहिनी म्हणायच्या, "काय हवंय तेच कळत नाही गं, जीव जातो बघताना."

एका रविवारी सकाळी बोट पुढं पुढं गेलं, कार्डं संपली आणि माझे स्वतःचे फोटो सुरू झाले. मी फोन घ्यायला गेले, तर आजोबांनी घट्ट धरला. गेटपाशी बसणाऱ्या कोळणीच्या टोपलीचा फोटो होता. आमच्याकडं समुद्राचे मासे कुणी बघितलेले नाहीत, म्हणून आईला दाखवायला काढलेला. त्यावर बोट, दाबून.

"बांगडो होयो म्हाताऱ्याक!" वहिनी हसत सुटल्या. दुपारी त्यांनी बांगड्याचं कमी मिठाचं तिखलं, घट्टसर कालवण, केलं. आजोबा जेवले. मला वाटलं, सुटलं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला, आणि पुन्हा तीच चुळबुळ, तोच फोटो.

"रोज रोज कुठले बांगडे, बाबा?" वहिनी चपला घालत म्हणाल्या.

मी खाली बसून विचारलं, "आजोबा, मासे खायचेत?" मान नाही म्हणाली. मग ते बोट फोटोवरून उचलून दाराकडं गेलं. दारामागं खिळ्याला नायलॉनची पिशवी होती.

"मासे आणायला जायचंय? तुम्हाला?"

आजोबांनी डोळे मिटले आणि हो हो अशी मान हलवत राहिले.

"अजिबात नाही," वहिनी म्हणाल्या. "आजारापासून एकदाही खाली नेलं नाही. पडले-बिडले तर?"

"चाकाच्या खुर्चीत पट्टा बांधते, लिफ्टनं नेते, खुर्ची सोडत नाही. पडू देणार नाही, वहिनी." घाबरट बाई मी, पण हे मला येतं.

वहिनींनी सासऱ्यांकडं बघितलं. मग चपला तशाच घालून आत आल्या, पिशवी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

खाली कोळणीनं आजोबांना बघून हातातला कोयता खाली ठेवला. "बाबा! कुठं व्हता इतके दिस? मना वाटला गावाला गेलाव."

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हटलं.

आजोबांनी डाव्या हातानं बांगडा उचलला, अंगठ्यानं कल्ला उघडला, आत बघितलं आणि परत टोपलीत टाकला.

"आरं, सकालचाच हाय!" ती ओरडली. "न् बोलता येत नाय म्हणतंस? ह्यो तर मना खोटा पाडतोय!"

आजोबांनी तिकडं लक्षच दिलं नाही. दुसरा उचलला, तोही टाकला. तिसऱ्याकडं हात गेला. मी चाकाचा ब्रेक लावला आणि पिशवीचं तोंड उघडून उभी राहिले.