काहिलीतला हात

नटनट्यांना शूटिंगमध्ये झालेल्या अपघातांच्या बातम्या पेपरात येतात, त्या मी वाचते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण त्या बातम्यांना तेवढी पुरते. सगळ्या एकाच सुरात असतात. अमका थोडक्यात बचावला. तमकीनं पाय मोडलेला असतानाही काम पूर्ण केलं. म्हणजे पाय मोडला की कौतुक. आमच्या गल्लीत गवंडी परांचीवरून पडला तर मुकादम त्यालाच शिव्या घालतो, पण निदान टाळ्या तरी कुणी वाजवत नाही.

मी मालिकांच्या गर्दीत बसते. बसत होते. लग्न असो, मयत असो, पंचायत असो, मागं चार म्हाताऱ्या लागतातच. नवरा गेल्यावर दिवसभर सुनेचं तोंड बघायचा कंटाळा आला आणि मी जायला लागले. नटांचे अपघात मी पेपरात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलेत. पन्हाळ्यावर एक नायक उभ्या घोड्यावरून पडला. पळत्या नव्हे, उभ्या. एका हातात तलवार, दुसरा हात कॅमेऱ्याला दाखवायला वर, मग लगाम धरणार कशानं? खाली आला आणि पहिल्यांदा त्यानं फेटा चाचपला. दुसऱ्या एकाला झाडाला टांगलं होतं आणि दोराचं टोक धरणारा माणूस चहाला गेला. त्याच्या मानेला पट्टा लागला. पुढच्या आठवड्यात कथेतही त्याच्या मानेला पट्टा आला. एवढी अक्कल त्यांच्याकडं असते.

पण मला सांगायचंय ते त्या पोरीचं. मालिकेतली सून. चंदगडकडची होती, बोलायला गोड, आणि सेटवर म्हाताऱ्यांना खुर्ची मिळाली का ते बघणारी तेवढी एकटीच.

प्रसंग गुऱ्हाळावरचा होता. गुऱ्हाळ खरं, मालकाकडून दोन दिवसांसाठी घेतलेलं. कथेत असं होतं की खलनायक सुनेचं मंगळसूत्र तोडून उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत, उकळत्या काहिलीत फेकतो आणि ते वितळून जाऊ नये म्हणून ती रसात हात घालून बाहेर काढते. सोनं गुळात वितळतं हे मला त्या दिवशी कळलं. मळी काढायचा लांब दांड्याचा झारा तिथंच भिंतीला टेकलेला होता. पण झाऱ्यानं काढलं तर नवऱ्यावरचं प्रेम कसं दिसणार?

पहिल्या दिवशी काहील थंड होती. तिच्यात तपकिरी रंगाचं पाणी ओतलं होतं, आणि मागून एक पोरगं मशीननं धूर सोडत होतं. मला एक वाक्य दिलं. सून हात घालायला वाकली की मी उठून ओरडायचं, "नको गं पोरी, हात घालू नको, भाजशील!"

दिग्दर्शक म्हणाला, "आजी, जिवाच्या आकांतानं ओरडा हं."

ओरडले. पुन्हा ओरडले. चित्रात पंखा आला म्हणून पुन्हा, विमान गेलं म्हणून पुन्हा. पोरगी दर वेळेला कोपरापर्यंत हात घालायची, रुमालाला पुसायची आणि हसायची. "मावशी, घसा बसंल की तुमचा."

"बसू दे. आमच्या सुनंला बरं वाटंल," मी म्हटलं.

लांबून दिसणारा सगळा प्रसंग त्या दिवशी झाला. हात रसात जातो ते जवळून घ्यायचं तेवढं दुसऱ्या दिवसावर राहिलं.

संध्याकाळी गुऱ्हाळाचा मालक शूटिंगवाल्यांच्या मॅनेजरकडं आला. मी चप्पल घालत तिथंच होते.

"पावणं, तोडल्याला ऊस पडलाय. वाळतोय की. रातीचं एक आधण काढून घेतो."

मॅनेजरनं फोन कानावरून न काढता "चालेल, चालेल" म्हटलं. मालकानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, त्याला परवानगी मिळाली, तो गेला.

आधण म्हणजे एक काहीलभर रस आटवून गूळ करायचा. आता गुऱ्हाळात गूळ ओतून घेतला की तापलेली काहील रिकामी ठेवत नाहीत. लगेच नवा रस भरतात, नाहीतर काहील जळते. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा सकाळी, मला हे नंतर कळलं, काहील भरलेली, खाली चुलाणात निखारे, वर वाफ, आणि गूळ करणारा गुळव्या रात्रभर जागून चिपाडाच्या ढिगावर झोपलेला. रस उकळत नव्हता. उकळत असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. नुसता तापून गप्प बसला होता.

युनिटची माणसं आली आणि वाफ बघून खूश झाली.

"आज धूर भारी जमलाय," एक म्हणाला. "मशीन लावायलाच नको."

कुणी त्यात बोट घालून बघितलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच खोटी काहील केली होती, त्यामुळं आता जगातली कुठलीही काहील त्यांच्या दृष्टीनं खोटी. सगळं खोटं करून करून यांना खरं जवळ आलं तरी ओळखू येत नाही.

आम्हा म्हाताऱ्यांना बाहेरून शेवटच्या क्षणी आत आणून बसवलं. माझी जागा काहिलीच्या पलीकडच्या कडेला. बसल्या बसल्या नडग्यांना धग लागली. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "अगं, ही तापलीया की!"

"गप की. कॅमेरा लागलाय."

तेवढ्यात पोरगी आली आणि 'अॅक्शन' झालं.

मी उठले आणि ओरडले. "नको गं पोरी, हात घालू नको, भाजशील!" दुसरे शब्द सुचायला वेळच नव्हता. कालपासून तेच तोंडात बसलेले. तिनं माझ्याकडं बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि कोपरापर्यंत हात घातला.

ती ओरडली तसं कुणी मालिकेत ओरडत नाही. दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. कोणीही जागचं हललं नाही, कारण 'कट' म्हटल्याशिवाय हलायचं नाही असा त्यांचा नियम आहे. घराला आग लागली तरी ही माणसं 'कट'ची वाट बघतील. ती पोरगीसुद्धा पळाली नाही. हात पुढं धरून जागेवरच उभी, प्रसंग बिघडू नये म्हणून. मी कडेनं तिच्याकडं धावले तर कुणीतरी खेकसलं, "आजी! फ्रेममध्ये येताय!"

मग 'कट' झालं. पहिला प्रश्न दिग्दर्शकानं विचारला तो कॅमेरावाल्याला.

"मिळाला?"

"मिळाला."

त्यानंतर धावपळ. एकानं टूथपेस्ट आणली, एक हळद शोधायला गेला. मी तिचा हात धरून बाहेरच्या पाण्याच्या बॅरलमध्ये घातला. मनगटावर हिरव्या बांगड्यांचा चुडा होता, खाली कातडी फुगायला लागलेली. मी बांगड्या बॅरलच्या काठावर आपटून फोडल्या. कपडे-दागिने सांभाळणारी बाई मागून किंचाळली, "अहो, कंटिन्युटीच्या बांगड्या आहेत त्या, पुढच्या शॉटला ह्याच लागतात!" मी तिला काय म्हटलं ते पुस्तकात छापणार नाहीत.

पोरीला गुऱ्हाळाच्या मालकानं आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. कारण कंपनीची गाडी जोतिबाला गेली. खरंच गेली. सेटला नजर लागली असं ठरलं, आणि नारळ-गुलाल घेऊन मॅनेजरचा माणूस डोंगरावर रवाना झाला. मागं राहिलेल्यांनी लिंबू उतरून टाकलं आणि चहा घेतला. काहिलीखालचे निखारे कुणी बघितले नाहीत.

तिची आई चंदगडहून एसटीनं आली. तिला फोनवर 'थोडं भाजलंय' असं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागेल, नाहीतर बोटं वळायची नाहीत. उजवा हात. त्यासाठी पोरगीला महिनाभर तरी पडून राहावं लागणार होतं, आणि सगळा खर्च मालिकेच्या कंपनीनं करायला हवा होता. कंपनीला तो करायचा नव्हता.

मॅनेजरनं मला दवाखान्यात बोलावून घेतलं. मला वाटलं बघायला बोलावलंय. गेले तर व्हरांड्यात तो, दिग्दर्शक आणि भिंतीला टेकलेली आई. पोरगी आतल्या खाटेवर, दार उघडं.

मॅनेजर आईला समजावत होता. "ताई, आम्हाला वाईट वाटतंच. पण त्यांना सूचना दिलेली होती. रस गरम आहे, हात घालू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. आमच्याकडे पुरावा आहे."

त्यानं मोबाइल पुढं केला आणि लावला. त्यातून माझाच आवाज आला. 'नको गं पोरी, हात घालू नको, भाजशील!'

"आजी, हा तुमचाच आवाज ना?"

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं ना, रस गरम आहे ते?"

"धग लागली तवा कळलं."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं." तो आईकडं वळला. "बघा. तुमचीच माणसं सांगतायत."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिच्या लेकीला काहिलीत ढकललं होतं. आतून पोरगी म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांच्या असिस्टंटला, गरम नाही ना म्हणून. तो म्हणाला, कालच्यासारखंच आहे." कुणी तिकडं बघितलं नाही. तिचं बोलणं काही मोबाइलमध्ये नव्हतं.

मी इतकी वर्षं या माणसांना मूर्ख समजत होते. मूर्ख तर ते होतेच. पण स्वतःच्या कातडीची वेळ आली की यांना पटकन सुचतं. मलाच लिहून दिलेलं वाक्य, मलाच दिवसभर ओरडायला लावलेलं, आणि आता त्याचाच साक्षीदार करून मला उभं केलं.

"मागं घ्या की जरा ते," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्या आवाजाच्या आधीचं लावा."

"आजी, त्यात काही नाही."

"मग लावायला काय हुतंय?"

तो लावेना. आईला काय कळलं कोण जाणे, चंदगडच्या पावसात भात लावणारी बाई ती, तिनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि दारातून लेकीपुढं धरला. लेकीनं डाव्या हाताच्या बोटानं मागं सरकवला. आधी 'अॅक्शन' ऐकू आलं. मग मी. मग ती किंचाळली. मग बराच वेळ कुणीच काही नाही. मग मला 'फ्रेममध्ये येताय' म्हणून ओरडलेलं. मग 'कट'. आणि मग, "मिळाला?" "मिळाला."

व्हरांड्यात बसलेले दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईकही ऐकत होते.

"ही कुणाची सूचना हाय, सायेब?" आईनं दिग्दर्शकाला विचारलं.

तो मॅनेजरकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "अॅक्शन म्हणल्यावर मी जे बोलते ते तुमचं लिव्हल्यालं असतं. ते जर खरं धरायचं म्हटलं, तर गेल्या महिन्यात तुमच्या पंचायतीत 'मेले, मेले' वरडून मी मेलीया बी."

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. मॅनेजर नाही हसला. आईनं मोबाइल लेकीच्या खाटेवरच ठेवला आणि पोरीनं सगळं आपल्या फोनवर पाठवून घेईपर्यंत परत दिला नाही.

उपचारांचा खर्च त्यांनी केला. मनानं नव्हे, तो आवाज बाहेर जाईल या भीतीनं. पोरगीला मात्र मालिकेतून काढलं. कथेत सून माहेरी गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या चेहऱ्याची परत आली, घरात कुणालाच फरक कळला नाही. तो प्रसंग त्यांनी दाखवला, किंकाळीसकट. आमच्या गल्लीतल्या बायका मला येऊन म्हणाल्या, "काय आवाज लावलासा हो! अंगावर काटा आला." मला त्यानंतर गर्दीतही बोलावलं नाही. सुनेचं तोंड पुन्हा दिवसभर.

हात बरा झाला. कातडी दोन रंगांची, पण बोटं वळतात. परवा तिचा फोन आला होता. दुसऱ्या एका मालिकेत लहानसं काम मिळालंय, लांब बाह्यांचं पोलकं घालून. आरतीचं ताट असो, चहाचा कप असो, ती कुणाला विचारत नाही. आधी डाव्या हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघते आणि मगच उजवा हात लावते. त्यात वेळ जातो. सेटवर तिला नखरेल म्हणतात म्हणे.

"म्हणू देत," मी म्हटलं. "तू बघत जा."