लंडनच्या तिकिटावरचे साडेचार तास

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तेव्हा मी अकोल्यात ठाणेदार होतो.

जठारपेठेत एक वृद्ध गृहस्थ सकाळी सहाला जिन्याखाली बेशुद्ध सापडले. डोकं फुटलेलं. शेजाऱ्यानं खबर दिली, "साहेब, मोर्शीच्या संत्र्याच्या बागेवरून पुतण्याशी वाद हाय त्याह्यचा. अन् तो आजच लंडनहून येऊन राहिला." दुपारी पुतण्या अकोला स्टेशनवर उतरला, तसाच ठाण्यात आणला.

त्याची आई मोर्शीत शेवटच्या घटका मोजत होती, तिच्यासाठी तो आला होता. काकांची खबर त्याला रेल्वेतच फोनवर कळली, म्हणून त्यांना दवाखान्यात पाहून पुढं जावं असं ठरवून मध्येच उतरला होता.

तिकिटावर लंडनहून सुटायची वेळ सकाळी साडेनऊ, मुंबईला पोहोचायची रात्री अकरा.

"विमानाला किती वेळ लागतो?"

"नऊ तास. सात हजार किलोमीटर हाय साहेब."

झालं! साडेनऊ अधिक नऊ, म्हणजे संध्याकाळी साडेसहा. साडेसहाला मुंबईत उतरलेला माणूस गाडी करून पहाटे अकोल्यात सहज पोहोचतो, आणि दुपारी रेल्वेतून उतरल्याचं सोंग करतो. म्हणजे तिकिटावरचे अकरा बनावट! पासपोर्टवरच्या शिक्क्यात नुसती तारीख होती.

"साहेब, तिथलं घड्याळ आपल्या मागं चालते," तो म्हणाला.

"मले शिकवतं का बे?" मी टेबलावर हात आपटला. पंचवीस वर्षं मी आरोपी वेळेच्या हिशेबातच पकडत आलो होतो. स्टेशन डायरीत ठाण्याच्या घड्याळाची वेळ लिहायची आणि तीच साऱ्या जगाला लावायची, ही सवय. विमानात मी कधी बसलो नव्हतो, पण ते कबूल कोण करणार!

मोबाइल जमा केला. अटक दाखवली नाही, नुसतं बसवून ठेवलं. "मायले एक डाव पाहू द्या, मंग काय विचाराचं ते विचारा," तो हात जोडत राहिला. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे म्हातारे हवालदार चाचरत म्हणाले, "साहेब, लंडनची मॅच आपल्या इकडं दुपारी साडेतीनले लागते. तिथं तवा सकाळचे अकरा असतात न?"

मी बोटांवर मोजलं: साडेसहात साडेचार तास मिळवले, बरोबर अकरा. त्या मॅच मीही पाहत होतो. तासाभरात काका शुद्धीवर आले. "पाय घसरला बाप्पा माहा. कोनी नाही ढकललं."

साध्या कपड्यांत, माझ्या गाडीतून मी त्याला मोर्शीला नेलं. अंगणात माणसं जमली होती. आई पहाटेच गेली होती. बहीण त्याच्या गळ्यात पडली. "माय तुह्यंच नाव घेऊन राहिली होती रे. कावून इतका उशीर केला?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "गाडी लेट झाली."

"मी अडवलं याला", एवढे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. वेळ मोजण्यातली चूक अडाणीपणाची होती, ती एखादा माफ करील. हे गप्प बसणं मात्र निव्वळ भित्रेपणा होता, आणि त्याची लाज अजून जात नाही.

घरच्यांना वाटलं, मी त्याचा कोणी स्नेही, लांबून सोबत आलो. एका बाईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसलो आणि ते प्यालो.